गळालेला तुकडा

निरंजन भट्टीवर काम करायचा. चाकणच्या एमआयडीसीत गिअर बनवणारी एक कंपनी आहे, तिथल्या हीट ट्रीटमेंट विभागात. गिअर ट्रेमध्ये रचायचे, नऊशे अंशांच्या भट्टीत ढकलायचे, ठरलेल्या वेळानं तेलात बुडवायचे आणि पुढचा ट्रे घ्यायचा. रहाटणीच्या जुन्या गावकरी घरातला मुलगा कामगार झाला याचं गावात नवल होतं. त्याच्या बरोबरीची पोरं प्लॉटिंगच्या नाहीतर जेसीबीच्या धंद्यात गेली. यानं मोरवाडीच्या आयटीआयला दोन वर्षं काढली आणि मग बारा वर्षं एकाच कंपनीत राहिला. त्याला भट्टी आवडायची. का आवडते हे कोणी विचारलं नाही, त्यानंही कधी सांगितलं नाही.

घरात तिघं. वडील रंगराव, तो आणि बायको स्वरूपा. आई सुमन लग्नाआधीच गेलेली. शेत होतं त्या जागेवर आता चार मजली इमारत उभी होती. खालचे तीन मजले भाडेकरूंना दिलेले, वर हे राहायचे. स्वरूपा मंचरकडची, काळेवाडीच्या एका शाळेत बालवाडीला शिकवायची. दिवसभर पंचवीस मुलांची नाकं पुसून घरी यायची.

लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नव्हतं. पहिली चार वर्षं तपासण्या स्वरूपाच्याच झाल्या. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांत औषध सोडून काढलेला एक्सरे, मग दुर्बिणीचं ऑपरेशन. दर वेळी सगळं बरोबर निघायचं आणि दर वेळी पुढची तपासणी लिहून मिळायची. निरंजन रजा काढून सोबत जायचा आणि बाहेरच्या बाकावर बसायचा. नवऱ्याचीही तपासणी करून घ्या, असं एका डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. घरी आल्यावर रंगराव म्हणाले होते की आमच्यात तसलं काही नाही. ते बोलणं तिथंच थांबलं आणि त्यावर वर्षं गेली.

भट्टीवरचा त्याचा जोडीदार भीमराज परभणीकडचा. तो एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला की हे भट्टीच्या आचेनं होतंय, बदली मागून घे. निरंजनला ते पटलं. पटण्यासारखं होतंही, कारण आच खरोखरच मांड्यांना लागायची. त्यानं अर्ज दिला आणि डिस्पॅचला गेला. तिथं पंख्याखाली उभं राहून खोक्यांवर स्कॅनर फिरवायचं काम. दीड वर्ष त्यानं ते केलं. त्या दीड वर्षात भीमराजला तिसरं मूल झालं. भीमराज अकरा वर्षं त्याच भट्टीवर होता.

शेवटी स्वरूपानं स्वतःच निगडी प्राधिकरणातल्या एका दवाखान्यात वेळ घेतली आणि निरंजनला सांगितलं, "माझं तपासायचं आता काही राहिलेलं नाही. तुम्ही चला."

तिथल्या डॉक्टरांचं नाव जयमाला. पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी स्वरूपाची जाडजूड फाइल चाळली आणि बाजूला ठेवली. निरंजनला एका लहान खोलीत डबी देऊन पाठवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा पाठवलं. दोन्ही वेळा तेच निघालं. अहवालात शुक्राणूंची संख्या या शब्दांपुढे शून्य होतं. बाकी सगळं छापलेलं, ते शून्य तेवढं कोणीतरी पेनानं पुन्हा गिरवलं होतं. निरंजन बराच वेळ ते गिरवलेलं शून्य बघत राहिला. मॅडम काय बोलत होत्या ते त्याला ऐकू येत होतं, पण दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय असं वाटत होतं. त्याला रडू आलं नाही, राग आला नाही. घरी आल्यावर तो नेहमीसारखा जेवला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मोशीपर्यंत झोपला.

स्वरूपानं त्या संध्याकाळी एकच गोष्ट केली. फ्रिजवर तिच्या गोळ्यांचा डबा असायचा, चार वर्षांच्या चिठ्ठ्या आणि उरलेल्या गोळ्यांचा. तो तिनं निरंजनच्या कपाटात, त्याच्या शर्टांशेजारी नेऊन ठेवला. त्यानं तो तिथून हलवला नाही.

मग त्याच्या तपासण्या सुरू झाल्या. रक्तातली संप्रेरकं, गुणसूत्रं आणि वाय गुणसूत्राची एक वेगळी तपासणी. वीस दिवसांनी मॅडमनी दोघांना समोर बसवलं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. पुरुषाच्या पेशींत एक वाय गुणसूत्र असतं. बापाकडून मुलाकडे ते जवळजवळ जसंच्या तसं येतं. मुलींना ते मिळत नाही. गर्भाचा मुलगा त्याच्यामुळे होतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण शुक्राणू तयार करायला लागणारी काही जनुकंही त्याच्यावरच असतात, एका ठरावीक भागात. त्या भागात सारखाच मजकूर पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. नक्कल होताना गडबड होते आणि मधला तुकडा गळून पडतो. निरंजनच्या वायवरचा तो तुकडा नाही.

"म्हणजे भट्टीमुळे नाही?" निरंजननं विचारलं.

"भट्टीचा काही संबंध नाही. तुम्ही जन्मलात तेव्हाच तो नव्हता."

त्यानं मान हलवली. दीड वर्ष खोकी स्कॅन केली होती, एवढंच त्याच्या मनात आलं.

मॅडम पुढं म्हणाल्या की हा तुकडा नसलेल्या पुरुषांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त जणांत आत, वृषणात, थोडे शुक्राणू सापडतात. लहानसं ऑपरेशन करून ते शोधता येतात आणि एकेक शुक्राणू सुईनं स्त्रीबीजात सोडता येतो. मात्र मुलगा झाला तर त्याच्यातही हा तुकडा नसेल. मुलगी झाली तर प्रश्नच नाही.

तेव्हा स्वरूपानं विचारलं की मग मुलगीच व्हावी असं करता येईल का. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. आधीच निवड करणं कायद्यानं बंद आहे, त्या म्हणाल्या, मुलगी हवी असली तरी. स्वरूपाच्या माहेरच्या गावात एकेकाळी लोक सोनोग्राफीवाल्याकडे रांगा लावायचे ते मुलगी नको म्हणून.

ऑपरेशनच्या आधी साधी सोनोग्राफी करतात. ती करणारा तरुण डॉक्टर एकाच जागी यंत्र फिरवत राहिला. मग बाहेर जाऊन मॅडमना घेऊन आला. डाव्या बाजूला अकरा मिलिमीटरची गाठ होती. हाताला लागत नव्हती, दुखत नव्हती. मूल होत नाही म्हणून आला नसता तर ती तिथंच वाढत राहिली असती.

पुढचं सगळं भराभर झालं. पिंपरीच्या एका मोठ्या रुग्णालयात कर्करोगाच्या डॉक्टरांनी बघितलं. गाठ जांघेतून, डाव्या वृषणासकट काढायची ठरली. जयमाला मॅडमनी त्या डॉक्टरांशी फोनवर बोलून एक व्यवस्था केली. काढलेला भाग थेट प्रयोगशाळेत न पाठवता त्यातला निरोगी दिसणारा तुकडा आधी मॅडमच्या माणसांकडे द्यायचा. त्यांच्या दवाखान्यातली दोन माणसं सूक्ष्मदर्शक घेऊन शेजारच्या खोलीत बसली. पाच तास त्यांनी शोधलं. सात शुक्राणू सापडले. ते दोन बारीक नळ्यांत भरून गोठवून ठेवले.

निरंजन शुद्धीवर आला तेव्हा स्वरूपा बाजूला होती. ती म्हणाली, "सात मिळाले." त्यानं विचारलं, गाठीचं काय. ती म्हणाली, ते आठ दिवसांनी कळेल. रंगराव पायाशी उभे होते. त्यांना काय काय सांगितलं होतं आणि त्यांना त्यातलं किती समजलं होतं, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

गाठ कर्करोगाचीच निघाली. सेमिनोमा असं तिचं नाव. पण बाहेर पसरलेली नव्हती. केमोची गरज नाही, डॉक्टर म्हणाले, फक्त ठरलेल्या तारखांना रक्त आणि स्कॅन करत राहायचं, पाच वर्षं. लोक म्हणतात नशीब, वेळेत कळलं. निरंजनही मग तसंच म्हणायला लागला. कोणी विचारलं की म्हणायचा, नशीब, वेळेत कळलं. जांघेतल्या जखमेच्या खाली, मांडीच्या आतल्या बाजूला, त्याला स्पर्श कळत नव्हता. नस दुखावली असेल, काही महिन्यांनी येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. अंघोळ करताना तो तिथं हात लावून बघायचा. पाणी गरम आहे की गार तेही तिथं कळायचं नाही.

तीन महिन्यांनी कामावर रुजू झाला तेव्हा त्यानं भट्टीवर परत पाठवा म्हणून अर्ज दिला. मॅनेजरनं सही केली. भीमराजनं पहिल्या दिवशी जड ट्रे स्वतः उचलले.

गोष्ट इथं संपली असती. पण पुढच्या तपासणीला जयमाला मॅडमनी घराण्याबद्दल विचारलं. घरात आणखी कोणाला मूल नव्हतं का, कोणाला अशी गाठ झाली होती का. निरंजन म्हणाला, नाही. मग म्हणाला की एक चुलते होते, सोनबाकाका. त्यांना मूल नव्हतं. ते तरुणपणीच पोटात गाठ होऊन गेले.

"काकू?"

"त्यांना माहेरी पाठवलं होतं. मूल होत नाही म्हणून."

मॅडमनी लिहिणं थांबवलं. या आजाराच्या गाठी कधी कधी वृषणातून पोटात मागच्या बाजूला पसरतात, त्या म्हणाल्या, तेव्हा लोकांना वाटतं की पोटाचा आजार आहे. मग त्यांनी रंगरावांच्या रक्ताची तपासणी करून घेऊ या असं सुचवलं. कधी कधी बापाच्या वायवर याच भागातला लहान तुकडा आधीच गेलेला असतो. तसं असूनही बापाला मुलं होतात, त्याच्या एखाद्या भावाला होत नाहीत. आणि मुलापर्यंत येता येता मोठा तुकडा गळतो. असा लहान तुकडा गळण्याचा आणि या कर्करोगाचा थोडा संबंध काही अभ्यासांत दिसलाय, पण तो नसलेल्या बहुतेक माणसांना काहीही होत नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

रंगराव रक्त द्यायला तयार नव्हते. माझं वय बहात्तर, मला काय करायचंय, म्हणाले. निरंजननं आग्रह केला नाही. स्वरूपानं केला. ती सासऱ्यांसमोर कधी मोठ्यानं बोलायची नाही, तेव्हाही बोलली नाही. चहाचा कप त्यांच्या हातात देताना म्हणाली, "आण्णा, माझं चार वर्षं तपासलं. तुमचं एकदा तपासू द्या." रंगराव दुसऱ्या दिवशी सकाळी धोतर-टोपी घालून जिन्याशी येऊन उभे राहिले.

अहवाल आला. तो लहान तुकडा रंगरावांच्या वायवरूनही गळालेला होता.

निरंजननं घरी येऊन वडिलांना ते सांगितलं. दोघा भावांना एकाच बापाकडून वाय येतं, म्हणजे सोनबाकाकांचंही तेच असणार, बहुतेक. रंगराव गच्चीवर खुर्चीत बसले होते. त्यांनी सोनबाच्या बायकोची, कस्तुराची गोष्ट सांगितली. निरंजनला ती तुकड्यातुकड्यांनी माहीत होती, पूर्ण पहिल्यांदाच ऐकली.

कस्तुरा शेलपिंपळगावची. अठराव्या वर्षी सोनबाशी लग्न होऊन आली. सात वर्षं नांदली. गंडे झाले, उपास झाले, आळंदीच्या एका वैद्याची काळी पुडी दोन वर्षं झाली. सोनबाला कोणीच कुठं नेलं नाही. घरानं ठरवलं की त्याचं दुसरं करायचं. कस्तुराला माहेरी नेऊन सोडायचं काम थोरल्या भावाकडे आलं.

"म्याच सोडून आलो तिला," रंगराव म्हणाले. "राजदूत फटफटीवर. मागं ती आन तिची पेटी. वाटंत एक शबूद बोलली न्हाई. म्या बी बोललो न्हाई."

दुसरीकडची पोरगी बघून ठेवली होती, तोच सोनबा अंथरुणाला खिळला. चौदा महिन्यांत गेला. तेहतिसावं वर्ष होतं. दुसरं लग्न झालंच नाही, त्यामुळे दोष कोणात होता हे कोणाला कधी कळलं नाही. आणि कस्तुराला तो गेल्याचा निरोप दहाव्यानंतर धाडला.

निरंजन म्हणाला की काकीला हे सांगायला पाहिजे. रंगराव म्हणाले, आता काय उपयोग. सांगून काय होईल हे त्यालाही माहीत नव्हतं. फक्त सांगायचं राहिलंय असं वाटत होतं, कामावर एखादी नोंद राहिली की वाटतं तसं. पुढच्या रविवारी तो निघाला तेव्हा रंगराव आधीच गाडीत मागच्या सीटवर बसलेले होते.

शेलपिंपळगावात विचारत विचारत घर सापडलं. पुढं कामगारांसाठी बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांची ओळ, मागं जुनं घर. रंगराव खाली उतरले नाहीत. निरंजन एकटाच आत गेला.

कस्तुरा ओट्यावर बसली होती. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांची, किडकिडीत बाई. चाकणच्या बाजार समितीत कांदा निवडायला जायची, बोटांना काळपट रंग चढलेला. भाऊ वारला होता, त्याचा मुलगा-सून वेगळे राहायचे, भावजय शालनबाई आणि ती अशा दोघीच घरात.

त्यानं नाव सांगितलं. रहाटणीचा, रंगरावांचा निरंजन.

ती त्याच्याकडे बघत राहिली. "सुमनचा व्हय? तू पाळन्यातनं नुकता उतरला व्हतास."

तो तिच्यासमोर बसला. काय बोलायचं ते त्यानं आठवडाभर बसमध्ये जुळवलं होतं. ते त्यानं त्याच क्रमानं सांगितलं. आपल्याला मूल झालं नाही, तपासलं तेव्हा शून्य निघालं. एक तुकडा नाही, तो बापाकडून येतो. गाठ निघाली, काढली. आण्णांच्यातही तो दोष सापडला. मग सोनबाकाकांचं. कस्तुरानं मधे एकदाही अडवलं नाही. कांद्याची साल साडीला चिकटली होती ती काढत राहिली.

"म्हंजी माझ्यात काय न्हवतं?" तिनं विचारलं.

"तुमची तपासणी कोणी केलीच नाही, काकी. पण काकांच्यातच होतं असं डॉक्टरांना वाटतं."

"वाटतं, का हाय?"

"काका गेलेत, त्यांचं तपासता येत नाही. पण माझ्यात सापडलंय, आण्णांच्यात सापडलंय. दोघा भावांना एकाच ठिकाणाहून आलेलं असणार."

तिनं ते ऐकून घेतलं. "बस झालं येवढं," ती म्हणाली आणि उठली. "आत चल. हे शालनवयनीला सांग. मोठ्यानं सांग, तिला कमी ऐकू येतं."

शालनबाई आत टीव्हीसमोर मेथी निवडत बसली होती. कस्तुरानं जाऊन टीव्ही बंद केला. निरंजननं सांगायला सुरुवात केली. शालनबाईनं कानाशी हात नेला, तेव्हा त्यानं आवाज वाढवून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बाहेर नळावर कपडे धुणारी एक भाडेकरू बाई थांबून ऐकायला लागली. काका, बी, मूल, दोष हे शब्द तो एका परक्या घरात ओरडून बोलत होता. कस्तुरा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, पाठ ताठ करून.

सांगून झाल्यावर शालनबाई मेथीकडे बघत म्हणाली, "आता काय त्याचं?"

"काय न्हाई," कस्तुरा म्हणाली. "ऐकून ठेव."

तीस-बत्तीस वर्षांत त्या घरात तिला काय काय ऐकावं लागलं होतं, ते तिनं सांगितलं नाही. हळदीकुंकवाला तिला बोलवायचे नाहीत आणि भावाच्या सुनेच्या डोहाळजेवणाच्या दिवशी तिला कामाला धाडलं होतं, एवढं निरंजनला पुढं दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

ओट्यावर परत आल्यावर तिनं विचारलं, "सोनबाला शेवटाला लई दुखलं का?"

"मला माहीत नाही. मी चार वर्षांचा होतो. आण्णांना माहीत आहे. ते गाडीत बसलेत."

ती बोळाच्या टोकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्याला इचारून ये."

निरंजन गाडीशी गेला आणि वडिलांना प्रश्न सांगितला. रंगरावांनी दार उघडलं. उतरून ते हळूहळू बोळातून आले आणि ओट्याच्या खाली उभे राहिले. वर चढले नाहीत. टोपी काढून हातात घेतली.

"लई दुखलं," ते म्हणाले. "तीन म्हैने. तुझं नाव काढत व्हता का म्हनशील, तर न्हाई. पानी मागायचा निस्तं."

"बरं," कस्तुरा म्हणाली.

रंगराव थोडा वेळ तसेच उभे राहिले. माफी मागायला आले असतील तर ती त्यांच्या तोंडून निघाली नाही, आणि तिनंही ती मागितली नाही. तिनं चहा विचारला नाही. दोघं निघाले. येताना चाकणच्या चौकात दीड तास ट्रॅफिक तुंबलं होतं. रंगराव टोपी हातातच धरून बसले होते.

दोन वर्षं स्कॅन स्वच्छ आले, तेव्हा त्या दोन नळ्यांचा विषय निघाला. मुलगा झाला तर त्याच्यातही हे येणार, हे दोघांना पाठ होतं. ते घरात दोन-तीन महिने त्यावर बोलले, म्हणजे एक वाक्य आज आणि एक वाक्य चार दिवसांनी असं. निरंजन म्हणाला की माहीत असून द्यायचं बरोबर नाही. स्वरूपा म्हणाली की तुम्हालाही ते मिळालंच होतं, तरी तुम्ही आहातच की. शेवटी कोणी कोणाला पटवलं नाही. एका सोमवारी तिनं मॅडमना फोन केला आणि त्यानं रजा टाकली.

पहिल्या नळीतून काही झालं नाही. दुसऱ्या नळीतून दोन गर्भ तयार झाले, एक रुजला. गेल्या वर्षी श्रावणात मुलगा झाला. नाव गणराज ठेवलं. बारशाला कस्तुराकाकीला बोलवायला निरंजन स्वतः गेला होता. ती म्हणाली की बाजारात कांद्याची आवक लई हाय, जमायचं न्हाई. ती आली नाही.

दवाखान्यात नर्सनं बाळ हातात दिलं तेव्हा निरंजनला काही वाटलं नाही. वजन तेवढं कळलं. ही गोष्ट त्यानं दुसऱ्या कोणाला सांगितली नाही, फक्त स्वरूपाला सांगितली, चौथ्या दिवशी, घरी आल्यावर. ती बाळाला पाजत होती. ती म्हणाली, "मलाही अजून नाही. होईल." त्यानंतर तो रोज शिफ्टवरून आल्यावर बाळाला अंगाखाली टॉवेल घालून मांडीवर घ्यायला लागला. काही वाटतंय का, हे बघणं त्यानं सोडून दिलं. मांडीची ती जागा अजून अर्धी बधिर आहे. बाळानं लाथ मारली तर कडेला कळते, मधे कळत नाही.

जयमाला मॅडमनी बाळाच्या फाइलमध्ये एक पान लावून दिलंय. वयात आल्यावर महिन्यातून एकदा स्वतः तपासायला शिकवायचं. अठरा-वीस वर्षांचा झाला की शुक्राणूंची तपासणी करून घ्यायची आणि सापडले तर तेव्हाच गोठवून ठेवायचे. कमी वयात ते सापडण्याची शक्यता असते, पुढं ती घटत जाते. म्हणजे मुलाला लवकर सांगावं लागणार. उशीर करून चालायचं नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी हा विषय रंगरावांनीच काढला. बाळ त्यांच्यापुढे चटईवर पालथं पडून पुढं सरकायचा प्रयत्न करत होतं. स्वरूपा तेल गरम करत होती.

"याला कवा सांगनार?" त्यांनी विचारलं.

निरंजन म्हणाला, कळायला लागलं की. तेरा-चौदाचा झाला की.

रंगराव मनाशी हिशेब करत असावेत. "तवर म्या असन का न्हाई ठावं न्हाई," ते म्हणाले. "असलो तर म्याच सांगीन. सोनबाचं मला ठावं हाय. कस्तुराचं बी."

"आणि नसलात तर?"

बाळ चटईवरून खाली फरशीवर आलं होतं. त्यांनी वाकून त्याला उचललं, धापा टाकत परत चटईवर ठेवलं.

"तर आत्ताच लिहून घे," ते म्हणाले. "म्या बोलतो, तू लिव."

स्वरूपानं शाळेची एक कोरी वही आणून दिली. निरंजननं पेन उघडलं. रंगराव बराच वेळ सुरुवात कुठून करावी ते ठरवत राहिले. मग त्यांनी कस्तुराच्या माहेरच्या गावाचं नाव सांगितलं.